लाइनवरचं बटण कोण दाबणार?

मायक्रोमीटर

चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं झाली. काही महिन्यांपूर्वीचा एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आमच्या मशीनिंग लाइनवर गेल्या वर्षी अँडॉन बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक स्टेशनवर एक बटण असतं. ऑपरेटरला काही वावगं दिसलं की त्यानं ते दाबायचं. वर दिवा लागतो, टीम लीडर येतो, आणि ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. पद्धत टोयोटाची. तिचं मूळ मात्र मोटारींच्याही आधीचं आहे. साकिची टोयोडांनी माग असा बनवला होता की सूत तुटलं की तो आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. मागाला जे जमलं ते माणसालाही करता यावं, एवढीच त्या बटणामागची कल्पना.

आमच्याकडे पहिले चार महिने एकदाही दिवा लागला नाही. मासिक आढाव्यात हे आम्ही चांगली गोष्ट म्हणून मांडलं. त्या स्लाइडवर माझंही नाव होतं.

मग एका दुसऱ्या शिफ्टला बोअरिंगच्या स्टेशनवरच्या ताईंनी बटण दाबलं. कंत्राटी कामगार, वर्षभरही झालं नव्हतं. प्लग गेज म्हणजे कातलेल्या भोकाचं माप तपासायचा दांडा. त्याचं 'गो' टोक आत जायला हवं, 'नो-गो' जाता कामा नये. 'गो' जात होतं, 'नो-गो' जात नव्हतं, म्हणजे कागदावर पीस ओके. पण 'गो' टोक सकाळपेक्षा हाताला सैल लागतंय, असं त्यांचं म्हणणं. सुपरवायझर आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "बटण कुणी दाबलं?" अकरा मिनिटं लाइन बंद राहिली. पीस गेजमध्ये बसतोय म्हणून पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी मॉर्निंग मीटिंगमध्ये बोर्डावर स्टेशननिहाय थांबलेली मिनिटं लिहिलेली होती आणि त्यांच्या स्टेशनपुढे लाल रंगात अकरा. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. चार दिवसांनी त्यांना पॅकिंगला टाकलं. तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून लॉट परत आला, बेअरिंग सैल बसतंय म्हणून.

त्या मीटिंगमध्ये मी उभा होतो. त्या शिफ्टची मोजमापं माझ्या हातात होती, साइज वरच्या मर्यादेकडे सरकताना स्पष्ट दिसत होता. मी बोललो नाही. माझे साहेब प्लांट हेडना रिपोर्ट करतात आणि महिनाअखेर जवळ आली होती. हे कारण झालं, समर्थन नाही.

मला विचारायचंय ते असं. हा दोष माणसांचा की रचनेचा? बटण तर आम्ही बसवलं होतं. तुमच्या कामाच्या ठिकाणी खालची वाईट बातमी वर कशी जाते, किंवा का जात नाही?

तिसरीशिफ्ट

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा आहे. प्रॉडक्शन बघतो, असाच उद्योग, तुमच्यापासून फार लांब नाही. त्या सुपरवायझरला लगेच खलनायक करू नका.

त्याची वेतनवाढ कशावर ठरते हे आधी विचारा. शिफ्टचा आकडा. लाइन अकरा मिनिटं थांबली तर तेवढे पीस त्याच्या नावावर कमी. खराब लॉट गेला तर त्याचं खापर फुटणार तीन आठवड्यांनी, आणि तेही क्वालिटीच्या डोक्यावर. जे नुकसान आज माझ्या नावावर चढतं ते मी टाळणार आणि जे पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावावर चढेल ते चढू देणार. यात संस्कृती वगैरे शोधायची गरज नाही. हिशेब आहे सरळ.

दुसरं. तुमची क्वालिटी प्लांट हेडच्या हाताखाली. प्लांट हेडचं मोजमाप डिस्पॅचवर. मग "लाइन थांबवा" हे वाक्य ज्याच्या तोंडून यायला हवं, त्याच्या पगारवाढीवर सही करतो तो डिस्पॅचवाला. हा तक्ताच चुकीचा आहे. क्वालिटीचा रिपोर्ट कारखान्याबाहेर, थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयात गेला पाहिजे. माझ्या आधीच्या नोकरीत तसं होतं आणि तिथे क्वालिटीचा साधा इंजिनिअरही गाडी गेटवर अडवू शकायचा. भांडणं व्हायची, पण अडवायचा.

खाडीपलीकडे

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. आज तिथे टेस्लाच्या गाड्या बनतात तो कारखाना माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या इमारतीत घडून गेलंय.

आधी तो जनरल मोटर्सचा होता आणि १९८२ साली बंद पडला. त्याची कीर्ती वाईट होती. साधारण पाचातला एक कामगार रोज गैरहजर, ड्यूटीवर दारू, युनियनच्या तक्रारींचे ढीग. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्सनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला. न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग असं नाव, लोक 'नुमी' म्हणायचे. माणसं बहुतांश तीच घेतली. युनियन तीच. 'वाया गेलेले' म्हणून ज्यांची ओळख होती तेच कामगार. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या टोयोटाच्या तोडीचा मानला जाऊ लागला.

काय बदललं? लाइनवर दोरी आली, ओढली की थांबायची, तुमच्या बटणासारखीच. पण दोरी हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. आधी कामांचे ऐंशीहून जास्त वर्ग होते, 'हे माझं काम नाही' म्हणायला प्रत्येकाला कायदेशीर आधार. ते मोजून दोन-चार राहिले. पाच-सहा जणांची टोळी आणि तिचा लीडर, जो स्वतः त्या जागेवर काम करू शकतो. साहेबांचं वेगळं जेवणघर गेलं, गाड्या लावायची राखीव जागा गेली. सुरुवातीच्या शेकडो लोकांना जपानला, टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेऊन खऱ्या लाइनवर उभं केलं. दोरी ओढल्यावर लीडर येऊन मदत करतो, हे त्यांनी भाषणात ऐकलं नाही, खांद्याला खांदा लावून पाहिलं.

आणि १९८८. गाड्यांची मागणी घसरली, कारखान्याला तेवढं काम उरलं नाही. शेजारच्या कुठल्याही कारखान्यानं अशा वेळी माणसं घरी पाठवली असती. नुमीनं शब्द दिला होता, तो पाळला. रिकाम्या झालेल्या लोकांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामांना लावलं. माझ्या मते दोरीवर खरा विश्वास बसला तो त्या वर्षी. चूक दाखवली तर पोटावर येणार नाही, हे तोवर फक्त कागदावर होतं.

आता तिसरीशिफ्ट यांना दुसरी बाजू. जनरल मोटर्सनं हाच प्रयोग दक्षिणेला, लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात करायला घेतला. तक्ते तेच, टोळ्या त्याच, दोरी तीच. जमलं नाही. कामगारांना वाटलं हा माणसं कमी करायचा डाव आहे, सुपरवायझरांना वाटलं आपला अधिकार चालला. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. मग निव्वळ तक्ता बदलून भागतं, हे कसं म्हणणार?

तिसरीशिफ्ट

@खाडीपलीकडे, व्हॅन नाइजमध्ये तक्ता बदलला पण हिशेब बदलला का? नुमीत नोकरीची हमी होती, इकडे कारखाना बंद पडण्याची टांगती तलवार. मी याला रचनाच म्हणतो. कोण कुणाखाली एवढ्यावर रचना संपत नाही. कुणाला कशाचा फटका बसतो, तीही रचना.

तुमचं १९८८चं उदाहरण मात्र मनाला लागलं. आमच्याकडे ऑपरेटर अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. त्याला बटण दाब म्हणून सांगायचं तरी कुठल्या तोंडानं, हे मला आजवर सुचलं नव्हतं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, सतरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. तुमच्या त्या ताईंचं वाचून घसा दाटून आला.

आमच्याकडचं बटण म्हणजे सर्जिकल चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर काढण्याआधी असे तीन थांबे. दुसऱ्या थांब्यावर खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. नवख्यांना हे शाळकरी वाटतं. पण जिनं एकदा तोंड उघडलंय ती अडचणीच्या वेळी पुन्हा उघडते. जी सकाळपासून गप्प आहे तिला "सर, बाजू चुकतेय" म्हणायला फार मोठी उडी मारावी लागते.

२००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. पुढे कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात ती सगळीकडे लागू झाली. २०१४ मध्ये तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला, तर मृत्यूदरात म्हणावा असा फरकच नाही. कागद तोच! त्यावर पुष्कळ वाद झाले. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही, कारण मी दोन्ही प्रकार जगलेय.

आधीच्या एका रुग्णालयात चेकलिस्ट दुपारी चारला भरली जायची, दिवसाच्या सगळ्या केसेसची एकत्र. शंभर टक्के पूर्तता. तपासणीला आलेले खूश. आता जिथे आहे तिथे आमच्या मुख्य सर्जन मॅडम हातात ब्लेड घेण्याआधी थांबतात आणि सगळ्यात ज्युनिअर मुलीकडे बघून विचारतात, "तुला काही खटकतंय का?" तिनं काही सांगितलं आणि ते चुकीचं निघालं तरी म्हणतात, "बरं झालं विचारलंस." सात शब्दांचं काम. त्यावर आमचं सगळं थिएटर चालतं.

तिसरीशिफ्ट, तुमचा हिशेब पटतो, पण मॅडमना यासाठी कुणी बोनस देत नाही.

धावपट्टी

विमान देखभालीत होतो, निवृत्त. रात्रपाळी यांच्या मुद्द्याला जोडून.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट. धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या विमान कंपन्यांची दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीतला आजवरचा सगळ्यात मोठा अपघात. केएलएमच्या विमानानं धाव घेतली तेव्हा कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं, ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठामपणे सांगितलं, झालंय. तो कॅप्टन कंपनीतला सर्वांत ज्येष्ठ प्रशिक्षकांपैकी, जाहिरातीत त्याचा फोटो. इंजिनिअरनं पुन्हा विचारलं नाही. शंका बरोबर होती, ती प्रश्नाच्या रूपात आली आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की माणूस गप्प बसतो.

त्यानंतर क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं ते सुरू केलं. ज्युनिअरला ठाम शब्दांत सांगायला शिकवतात आणि कॅप्टनला ऐकायला. १९८९ मध्ये त्याच कंपनीच्या विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेत निकामी झाली. वाचायची शक्यता जवळजवळ नव्हती. २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅप्टन हेन्स पुढे आयुष्यभर त्याचं श्रेय या प्रशिक्षणाला आणि चौघांनी मिळून केलेल्या कामाला देत राहिले.

मुद्दा हा की ऐकणं शिकवता येतं. जन्मजात स्वभावावर सोडू नका.

जावक_बारनिशी

शासकीय सेवेत ३४ वर्षं काढली, लिपिक म्हणून लागलो, अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो. आमच्या जगात लाइन थांबवायचं बटण प्रत्येकाकडे असतं आणि प्रत्येक जण ते दाबतो. म्हणून उलट बाजू मांडतो.

फाईल अडवणाऱ्याला कधी शिक्षा झालेली पाहिली नाही. सही करणाऱ्याच्या मागे मात्र दहा वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप निघू शकतो. मग माणूस काय करणार? समासात "चर्चा करा" लिहिणार. २००५च्या बदल्या आणि दिरंगाईच्या कायद्यानं बंधन घातलं की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. कायदा चांगला आहे, माझं त्याला पूर्ण समर्थन आहे. पण एका कार्यालयात मी असं पाहिलं की सहाव्या दिवशी एक त्रुटी काढून फाईल खाली जाते. दिवस पुन्हा एकपासून. कुणीच कायदा मोडला नाही आणि शेतकऱ्याची वारस नोंद पावसाळ्याआधी व्हायची ती दिवाळीनंतर झाली.

याच्या उलट अनुभव ज्येष्ठांकडून ऐकलेला आणि पुढे स्वतः वापरलेला. अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी असताना, १९८०च्या दशकात, तेव्हाच्या अहमदनगरच्या कचेरीत त्यांनी कामाची पद्धत मुळापासून बदलली. लखीना पॅटर्न म्हणून राज्यभर माहीत आहे. त्यातली सहा गठ्ठा पद्धत मी सेवेच्या शेवटपर्यंत पाळली. टेबलावरचा सगळा कागद सहा गठ्ठ्यांत: चालू प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. ऐकायला किरकोळ. पण वरिष्ठ टेबलापाशी येऊन दोन मिनिटांत सांगू शकतो की काम कुठे आणि कुणामुळे अडलंय. लपायला जागा राहत नाही, आणि जो प्रामाणिकपणे काम करतोय त्यालाही सिद्ध करायला धडपडावं लागत नाही.

पुढे पुढे गठ्ठ्यांवर रंगीत फडकी राहिली आणि तपासायला कुणी येईना. तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर सहाही गठ्ठ्यांत एकच प्रकारचे कागद असायचे.

भीमाशंकरकडचा

माझे वडील आणि दोन चुलते मुंबईत डबे वाहायचे. आंबेगाव तालुक्यातले आम्ही. डबेवाल्यांवर मोठमोठ्या ठिकाणी व्याख्यानं होतात, हार्वर्डनं अभ्यास केला, सगळे अचूकपणाचं बोलतात. मला घरातून दिसलं ते सांगतो.

पाच हजारांच्या आसपास माणसं होती, पण ती पाच हजारांची कंपनी कधीच नव्हती. वीस-पंचवीस जणांचे गट, प्रत्येकावर मुकादम. मुकादम स्वतः डबा वाहतो, कुणी आजारी पडला तर त्याची लाइन धरतो. गटाचा खर्च वजा जाता पैसे सारखे वाटले जायचे. म्हणून एखाद्याचा डबा दादरला चुकला तर ते लपवून कुणाचाच फायदा नव्हता. गिऱ्हाईक तुटलं तर सगळ्यांचंच तुटणार. वडील सांगायचे, चुकलं की पहिली आरोळी चुकणाराच मारतो, कारण पुढची लोकल चार मिनिटांत आहे आणि मदत लागणार आहे.

शिस्त कडक. ड्यूटीवर दारू प्यायली, टोपी घातली नाही, न सांगता दांडी मारली, तर दंड. दंड ठरवणारे आपलेच लोक. त्यातले बहुतेक वारकरी, एकाच पट्ट्यातले, कुणी कुणाचा मेहुणा. चैत्रात गावच्या जत्रेला सगळे एकदम सुट्टीवर, गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवलेलं असायचं.

याची दुसरी बाजूही आहे. बाहेरच्या माणसाला त्यात शिरणं सोपं नव्हतं. आणि २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा मागे उभी राहणारी मोठी संस्था नव्हती. चुलते गावी आले ते कायमचे, आता शेती बघतात. विश्वासानं डबा वेळेवर पोचतो. पेन्शन त्यातून मिळत नाही.

तिसरीशिफ्ट

हा प्रतिसाद वाचून माझं आधीचं मत थोडं सैल करतो. पैसे सारखे वाटणं ही रचना, पण ती टिकली सोयरिकीमुळे. माझ्या लाइनवर आठ जिल्ह्यांची आणि चार राज्यांची मुलं आहेत, सोयरीक आणणार कुठून? तिथे बोर्डच बोलतो.

मायक्रोमीटर, एक ठोस सांगतो. तुमच्या बोर्डावरून स्टेशननिहाय मिनिटं काढून टाका. त्याऐवजी दोन आकडे लिहा: बटण किती वेळा दाबलं आणि लीडर किती सेकंदांत पोचला. दुसऱ्या आकड्याची जबाबदारी लीडरची, ऑपरेटरची नाही. आणि आठवडाभर एकही दाब नसेल तर प्रश्न सुपरवायझरला विचारा, कारण मशीन इतकी चांगली कुठेच चालत नाहीत. माझ्याकडेही सोमवारपासून हे करतोय.

मायक्रोमीटर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काही छापून घेतले आणि मागच्या गुरुवारी प्लांट हेडकडे गेलो. त्या दिवशीची मोजमापं सोबत नेली, आणि मीटिंगमध्ये ती माझ्या हातात होती हेही सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग बोर्ड बदलायला हो म्हणाले. क्वालिटीचा रिपोर्ट बाहेर नेण्याबद्दल "तो माझ्या हातातला विषय नाही" असं उत्तर मिळालं. कंत्राटाबद्दलही तेच.

नवा बोर्ड लागून चार दिवस झाले. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी आमच्याच एका लीडरनं दाबलं, दाखवायला. काल पहिल्या शिफ्टला दोनदा, दोन्ही ऑपरेटरांनी. त्यातलं एक निव्वळ शीतकाचा नळ गळत होता म्हणून. सुपरवायझर म्हणाला, "एवढ्यासाठी?" आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच पाना आणायला गेला.

रात्रपाळी

आणि त्या ताई?

मायक्रोमीटर

त्यांचं कंत्राट संपलं, त्या आता दुसऱ्या कारखान्यात आहेत. काल रात्री फोन केला. माफी मागितली. तुम्ही बरोबर होता आणि मी गप्प बसलो, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते जाऊ द्या सर. साइज सरकत होता तो कशामुळे, ते सापडलं का?"

सापडलं होतं. पीस धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरच्या लोकेटिंग पिनखाली धातूचा बुरा साचत होता. लॉट परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यांना कुणीच कळवलं नव्हतं.